वेळेआधीचा विडा

पोलिटिकल खात्यात कारकुनी करून रघुवीरला बरीच वर्षं झाली होती, तरी हे खातं करतं तरी काय, हे त्याला गिरगावातल्या घरी बायकोला, कालिंदीला, कधी धड सांगता आलं नव्हतं. महसूल खातं सारा गोळा करतं, पोलीस चोर धरतात, आणि आपण? कंपनीच्या अमदानीत पेशव्यांशी आणि मस्कतच्या सुलतानाशी बोलणी करायला माणसं नेमली गेली. पुढं पेशवे गेले, कंपनीही गेली, बोलणी तेवढी उरली. परक्या दरबारचा माणूस आला की खुर्ची कुठं मांडायची, साहेबानं किती सामोरं जायचं, तोफा किती उडवायच्या, यावर खात्यात दिवसचे दिवस खल चाले. कालिंदी म्हणायची, "म्हणजे तुम्ही बारा महिने व्याहीच सांभाळता की!" खरं सांगायचं तर याहून चांगलं वर्णन साहेबालाही जमलं नसतं.

पण त्या दिवशी व्याह्यांच्या मानपानावर सहा माणसांचा जीव टांगला होता. कुलाब्याच्या कोळीवाड्यातला हरेश्वर तांडेल खजूर आणायला गलबत घेऊन इराणच्या आखातात गेला, तो तिथल्या एका शेखानं खलाशांसकट धरून ठेवला. आमच्या वैऱ्याला तू बंदुका पोचवल्यास, असा आळ. आता त्या शेखाचा वकील मुंबईस आला होता. हरेश्वरची बायको गुणवंती एरवी रघुवीरच्या दारी मासळीची पाटी घेऊन यायची. आज सकाळी ती रिकाम्या हातांनी आली.

"दादा, तो मानूस आज येनार ना? माज्या धन्याचं तेवरं इचारा," ती म्हणाली. "पोरं रोज बंदरावर जाऊन बसतान."

"विचारतील साहेब," रघुवीर म्हणाला. त्यात आपला हात फक्त विड्यांच्या तबकाला लागणार, हे सांगायला त्याची जीभ रेटली नाही.

तेही तबक एरवी अप्पांचं. अप्पा म्हणजे खात्यातले सगळ्यांत जुने कारकून, आणि ते नेमके तापानं अंथरुणाला खिळले होते. त्यांनी बजावलं होतं, "अत्तर आणि विडा अगदी शेवटी. विडा दिला म्हणजे भेट संपली, पाहुण्यानं उठायचं. साहेबानं खूण केल्याशिवाय तबकाला शिवू नकोस."

वकील आला, बसला. कॉफी आली, ती त्यानं नको म्हटली. साहेब घसा खाकरून मुद्द्यावर येण्याच्या बेतात होता आणि पाहुणा कोरड्या तोंडानं बसला होता. आता गिरगावात घरी आलेल्या माणसाला असं कोरडं बसवत नाहीत. रघुवीरचं सारं लक्ष बंदरावर बसलेल्या पोरांकडं, आणि हात आईनं लावलेल्या वळणाचे. त्या हातांनी तबक उचललं आणि वकिलापुढं धरलं.

वकिलाच्या भुवया चढल्या. त्यानं विडा घेतला आणि तो उठून उभा राहिला. सहा माणसांबद्दल एक अक्षरही न निघता भेट आटोपली. साहेब लालबुंद झाला. आपण काय करून बसलो, ते रघुवीरला आत्ता कळलं. नोकरी गेली ती गेलीच. पण गुणवंतीला काय तोंड दाखवायचं?

दरबारात कारकुनानं तोंड उघडायचं नसतं. रघुवीरनं उघडलं.

"हुजूर, बसावं," तो मोडक्यातोडक्या हिंदुस्तानीत म्हणाला. "हा निरोपाचा विडा नव्हे. मराठ्यांच्या दरबारी अवघड काम निघालं की आधी विडा मांडत. जो उचलील, त्यानं ते काम पत्करलं."

वकिलानं हातातल्या विड्याकडं पाहिलं. "काम कोणतं?"

"सहा माणसं त्यांच्या घरी पोचवायची."

"आणि मी हा परत ठेवला तर?"

"उचललेला विडा परत ठेवल्याचं आमच्याकडं कुणी ऐकलेलं नाही, हुजूर."

वकील त्याच्याकडं बघत राहिला. हा रिवाज की थाप, हे तो जोखत असावा. मग त्याच्या दाढीत हळूच हसू उमटलं.

"सरकारनं हुकूम केला असता तर आमच्या शेखना माणसं सोडता आली नसती," तो खाली बसत म्हणाला. "हुकमाला भ्याले, असं साऱ्या किनाऱ्यावर झालं असतं. यजमानाच्या पानाचा मान राखला, ही गोष्ट निराळी." आणि त्यानं विडा तोंडात टाकला.

साहेबाचा चेहरा निवळला. रघुवीरनं तबक जागेवर नेऊन ठेवलं.

संध्याकाळी तो तडक अप्पांकडं गेला. सगळं ऐकून अप्पा अंथरुणातच उठून बसले. "रिवाज खरा आहे की!" ते म्हणाले. "आपल्या खात्यात मात्र तो आज सुरू झाला." आणि ठसका लागेस्तोवर हसले.

पुढं गलबत बंदराला लागलं. दुसऱ्याच दिवशी हरेश्वर, रोडावलेला पण धडधाकट, गुणवंतीला आणि पोरांना घेऊन रघुवीरच्या दारात उभा राहिला. त्याच्या डोक्यावर खजुराची करंडी होती.

"त्या वकिलानं दिलीय तुमाला," तो म्हणाला. "आनि सांगतलंय, पान चांगलं रंगलं म्हनून सांग."

रघुवीर हसायला लागला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. गुणवंती पदरानं डोळे टिपत होती. एवढ्यात कालिंदी आतून लगबगीनं पानाचं तबक घेऊन आली.

"अगं, ठेव ते आत!" रघुवीर ओरडला. "आत्ता तर कुठं आलाय तो!"