पिवळ्या काडीची जागा

चादर उचलली आणि आधी स्वतःलाच शोधलं. सवयच तशी. आमचे हे नगररचना खात्यात मॉडेलं करतात. पूल, चौक, बागा, अख्खी वस्ती फळीवर उभी करतात आणि प्रत्येक मॉडेलमध्ये कुठेतरी, एखाद्या झाडाच्या सावलीत, मला बसवतात. काडेपेटीतली काडी अर्धी मोडायची, तिला पिवळा रंग द्यायचा, गुलाचं डोकं तसंच ठेवायचं. "लगेच पेटतं ना, म्हणून काडी," असं वर मलाच ऐकवतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या गृहस्थाला हा विनोद अजून ताजाच वाटतो.

या मॉडेलमध्ये मी नव्हते. टेकडी होती, ओढा होता, बाजार, शाळा, रोजचा पूल होता. पुलावरून बोट फिरवत आमच्या गल्लीत वळले, तर बोटाला भुसा लागला. हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा. गवत दाखवायचं असलं की हे तोच पसरतात. आमचं घर, समोरच्या आक्कांचं घर, शिंपीकाकांचं दुकान, कोपऱ्यावरची गिरणी, सगळ्यावर गवत उगवलं होतं.

"अहो! जरा बाहेर या."

हे स्वयंपाकघरातून आले. हातात माझा भांडी घासायचा स्पंज, अर्धा कातरलेला. झाडं करायला घेतला असणार. मॉडेलवरची चादर बाजूला झालेली पाहिली आणि जागच्या जागी थांबले.

"ओलं आहे अजून, हात लावू नकोस म्हटलं होतं."

"ओलं गेलं खड्ड्यात. आपली गल्ली कुठंय?"

"सांगणारच होतो."

"कधी? सामान टेम्पोत चढल्यावर?"

मला राग घर जाण्याचा आला नव्हता. म्हणजे आला होता, पण तो नंतर. गल्ली उठवणार अशी कुणकुण महिनाभर होती. शिंपीकाका रोज विचारायचे, आणि मी छातीठोकपणे सांगायचे, छे हो, तसं काही असतं तर हे घरात बोलले नसते का? शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये आराखडा लोकांपुढे ठेवणार होते. आपल्यातर्फे वहिनींनीच, म्हणजे मीच, बोलायचं, असं गल्लीने एकमताने ठरवलं होतं. आणि वहिनींच्याच जेवणाच्या टेबलावर, वहिनींच्याच चादरीखाली, गल्ली पुसून ठेवलेली.

"अगं, ऐक तरी. नुसती भिंत बांधली तर पाणी खालच्या वस्तीत घुसणार. ओढ्याला पसरायला जागा हवी. एरवी मैदान, पोरं खेळतील. पूर आला की पाणी तिथे थांबेल. आपली घरं वर टेकडीला, सगळी गल्ली एकत्र—"

"हे तुमच्या खात्यातल्या मॅडमचं भाषण झालं. तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

यांनी स्पंज टेबलावर ठेवला.

"आक्कांचं दार उघडत नव्हतं गं," म्हणाले.

पुराच्या त्या दिवसानंतर हे आक्कांबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. ओढा भरदुपारी गल्लीत शिरला, तेव्हा आम्ही माडीवर पळालो. आक्कांचे गुडघे गेलेले. जिना त्यांना कधीच चढवत नसे. आम्ही खिडकीतून हाका मारत होतो आणि त्या खालून म्हणत होत्या, "उंबऱ्यापर्यंत येतं आणि जातं गं, मी जन्मभर बघतेय." मग त्यांचा आवाज येईना. हे गळ्याएवढ्या पाण्यातून त्यांच्या दारापर्यंत गेले, खांदा लावला, लाथा मारल्या. पाण्याच्या दाबाने दार हललंच नाही. चार माणसांनी यांना ओढून परत आणलं. माझा माणूस वाचला म्हणून मी देवाचे आभार मानले, आणि त्याची लाज अजून वाटते.

"मग मला का नाही सांगितलंत?" माझा आवाज खाली आला होता.

"तू नाही म्हणाली असतीस तर मला हे करवलं नसतं. आणि केल्याशिवाय राहवलंही नसतं."

"आणि मी कुठंय यात? प्रत्येक मॉडेलमध्ये बसवता ना?"

यांनी शर्टाच्या खिशातून काडेपेटी काढून उघडली. आत एकच काडी, पिवळी, रंग केव्हाच वाळलेला.

"तुला न विचारता कुठे बसवू?" म्हणाले.

मला रडू आलं. या फरशा मी स्वतः निवडल्या होत्या, या खिडकीवरून दुकानदाराशी भांडले होते. समोरचं दार मात्र तेव्हापासून बंदच होतं, आणि सकाळी खिडकी उघडताना मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते. हे मी तोवर कबूलच केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरोघरी जाऊन मीच सगळं सांगितलं. शिव्याही खाल्ल्या. गिरणीवाला म्हणाला, "वहिनी, घरभेदी निघालात!" मी म्हटलं, "घरभेदी माझा नवरा. मी नुसती बायको." तो हसला, पण कसनुसा.

शनिवारी हॉल गच्च भरला. मॉडेलभोवती सगळे वाकून आपापलं घर शोधत होते आणि भुशावर बोट ठेवून उभे राहत होते. मॅडम तरुण होत्या, सरळ होत्या, पाणी कसं पसरेल ते नीट समजावत होत्या. मग शिंपीकाकांनी मला ढोसलं, "बोला की."

मी उभी राहिले. "आम्हाला घर सोडवत नाही," मी म्हटलं. "ते आधी लिहून घ्या. पण आमच्या डोळ्यांदेखत आमचं माणूस गेलं आणि आम्हाला हाका मारण्यापलीकडे काही करता आलं नाही. तसं पुन्हा नको. आम्ही जाऊ. फक्त दारं समोरासमोर द्या, आणि ज्यांना जिना चढवत नाही त्यांना पाणी आलं तर कोण, कसं वर नेणार, ते आधी ठरवा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शिंपीकाकांनी चष्मा काढून पुसला. मॅडमनी लिहून घेतलं, आणि समोरासमोर दारांचं त्यांनी तिथल्या तिथे मान्य केलं. पुढचं बघतो म्हणाल्या.

मी यांच्याकडे हात पसरला. यांनी काडेपेटी दिली. चिमट्याने पिवळी काडी उचलून मी टेकडीवरच्या एका दारात चिकटवली. हे डोळे मिटून उभे होते. पेटीत दुसरी काडी होती, ती आदल्या संध्याकाळी मी करवून घेतली होती. गुलाचं डोकं पांढरं रंगवलेलं. ती मी खाली, ओढ्याकाठच्या गवतात, आमच्या समोर जिथे आक्कांचं दार होतं तिथे लावली.

"इथे कुणी राहणार नाहीये ना?" मॅडमनी हळूच विचारलं.

"ह्यांना टेकडी चढवत नाही," हे म्हणाले. "ह्या इथेच बसतील."

काडीभोवती भुसा थोडा विस्कटला होता. तो मॅडमनी बोटाच्या टोकाने नीट केला आणि पुढच्या माणसाला आपलं घर शोधायला जागा करून दिली.