उर्वशीची न उघडणारी खिडकी

मी एक जुना संगणक आहे, आणि मित्रांनो, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण मला पाहिल्यावर तुम्ही तेच म्हणणार आहात. माझ्या पडद्याच्या एका कोपऱ्यात पिवळा डाग आहे. कळफलकावरची निम्मी अक्षरं बोटांनी झिजवून टाकली आहेत. सुरू होताना मी थोडी घरघर करतो. नेर गावात बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत, रुपालीताईंच्या घरी माझा मुक्काम आहे. त्यांचं शिलाई मशीन माझ्याहून कितीतरी जास्त आवाज करतं, पण त्याला कोणी डबडं म्हणत नाही. मला मात्र येणारा जाणारा म्हणतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही, थर्माकोलचा वास तेवढा आठवतो. पुढे मी यवतमाळच्या एका कचेरीत लागलो. काय ते दिवस होते! माझ्या खोलीत लोक चपला काढून येत. संध्याकाळी माझ्यावर फुलाफुलांचं कापड घातलं जाई. दसऱ्याला झेंडूचा हार मिळे आणि कपाळावर हळदकुंकू लागे. (ते पुसताना एकदा कुंकू कळफलकात गेलं आणि महिनाभर एक कळ अडकत राहिली, पण मानापुढे त्याचं काय एवढं.)

मग नवे, चपटे संगणक आले. मला जिन्याखाली ठेवलं. तिथे माझ्यावर मोडका पंखा पडून होता आणि वायरींमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. माझ्याकडे कोणी बघेना. माणसाला वाटतं यंत्राला काही वाटत नसेल. मला वाटायचं, आणि फार वाटायचं.

तिथून मला उचलून आणलं ते संघर्षनं. हा तरुण दिवसभर एका महाविद्यालयाची प्रयोगशाळा सांभाळतो आणि संध्याकाळी आमच्या विहारातली अभ्यासिका चालवतो. मुलं त्याला दादा म्हणतात. त्यानं माझ्या पोटातली धूळ ब्रशनं काढली, जुनी जड प्रणाली पुसली आणि लिनक्स नावाची हलकी प्रणाली घातली. मला वाटलं, माझी ताकद परत येणार. तसं काही झालं नाही. अभ्यासिकेत एक नवं, दणकट मशीन होतं. मुलं त्याला मोठं मशीन म्हणायची. चित्रं काढायचे, नकाशे करायचे सगळे कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, त्याच्याच पोटात चालायचे. माझ्यासारख्या म्हाताऱ्यांनी फक्त तारेच्या दुसऱ्या टोकाला बसायचं आणि त्या कार्यक्रमांच्या खिडक्या आपापल्या पडद्यावर दाखवायच्या. सुरुवातीला मला याचा राग आला. काम त्यानं करायचं आणि मी नुसतं तोंड दाखवायचं!

माझा राग घालवला तो उर्वशीनं.

उर्वशी ही रुपालीताईंची मुलगी, नववीत शिकणारी. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. थंडी वाढली की तिचे हातपाय असे दुखतात की ती भिंतीकडे तोंड करून पडून राहते आणि कोणाशी बोलत नाही. या हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की गारठ्यात बाहेर पाठवू नका. त्यामुळे शाळा बुडाली, अभ्यासिका सुटली. मग संघर्षनं मला उचललं, तिच्या पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवलं आणि विहारातून दोन घरांच्या छपरांवरून एक लांब तार ओढून माझ्यात खोचली. आता उर्वशी गोधडीत बसून मोठ्या मशीनवर चित्र काढू शकत होती. हात तिचे, पोट त्याचं, तोंड माझं. तिचं चित्र पहिल्यांदा माझ्या पडद्यावर उमटलं, तेव्हा ती जी हसली ना, त्या दिवसापासून मी तोंड दाखवण्याच्या कामाला कमी लेखलं नाही.

हे जमतं कसं, तेही थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. उर्वशी आधी काळ्या चौकटीत मोठ्या मशीनचा कधीच न बदलणारा आकडा टाईप करून त्याला हाक मारते. ते आत घेतं. मग ती म्हणते, चित्राचा कार्यक्रम उघड. तेव्हा त्या कार्यक्रमाला प्रश्न पडतो की खिडकी कुठे दाखवू? त्याला एक पत्ता दिलेला असतो. त्या पत्त्यात मोठ्या मशीनचं स्वतःचं नाव आणि पुढे दाराचा क्रमांक असतो. त्या दारात चित्र ठेवलं की तारेतून ते माझ्याकडे येतं. पत्ता सापडला नाही तर अक्षरं येतात जातात, पण चित्र येत नाही.

आणि मोठ्या मशीनचं नाव दर वर्षी बदलतं. ही आमच्या अभ्यासिकेची रीत आहे. ज्या मुलानं वर्षभर इतरांना मनापासून शिकवलं, त्याचं नाव सावित्रीबाईंच्या जयंतीला मोठ्या मशीनला द्यायचं. गेल्या वर्षी ते गोपालच्या नावाचं होतं. गोपाल तेव्हा आठ दिवस छाती काढून फिरला.

यंदाच्या जयंतीसाठी विहाराबाहेर लावायच्या फ्लेक्सचं चित्र उर्वशी काढत होती. अभ्यासिकेतली सगळी मुलं चित्रात होती, आठवून आठवून काढलेली. कोणाचे कान मोठे, कोणाची वेणी एकाच बाजूला, कोणी झोपाळू. जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत चित्र पूर्ण व्हायचं होतं, कारण फ्लेक्सवाला त्यानंतर थांबणार नव्हता. नाही झालं तर त्याच्याकडचंच, फुलांच्या चौकटीचं तयार चित्र लागणार होतं.

त्या आठवड्यात उर्वशीला काहीतरी खटकत होतं. मुलं तिला भेटायला येत, पण तिच्याकडे पाहून आपापसांत कोपर मारत आणि विषय बदलत. संघर्षही घाईघाईनं उठून जाई. खरी गोष्ट अशी होती की यंदा सगळ्यांनी तिचंच नाव निवडलं होतं. गेलं वर्षभर तिनंच लहान मुलांना संगणक शिकवला होता, आजारपणातही तारेवरून अक्षरं पाठवून शिकवला होता. पण तिला ते जयंतीच्या कार्यक्रमातच कळावं, असं ठरलं होतं. मुलांच्या पोटात गुपित राहत नाही, म्हणून बिचारी मुलं तोंड लपवत होती. उर्वशीनं त्याचा उलटाच अर्थ काढला. ती आईला म्हणाली, आता मी तिथे जात नाही ना, त्यांना माझी सवय राहिली नाही.

आदल्या दिवशी सकाळी संघर्षनं मोठ्या मशीनचं नाव बदलून टाकलं. दुसऱ्या दिवशी घाई नको म्हणून. ते करताना मात्र एक गोष्ट राहून गेली. हे नवं नाव म्हणजे तूच, हे त्यानं मशीनला सांगितलंच नाही. मशीनच्या लेखी त्या नावाचं कोणी ओळखीचं नव्हतं.

सकाळचं ऊन खिडकीत आल्यावर उर्वशी चित्र पूर्ण करायला बसली. तिनं मोठ्या मशीनला हाक मारली, त्यानं आत घेतलं. तिनं चित्राचा कार्यक्रम उघडायला सांगितलं. खिडकी आली नाही. माझ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ तेवढी उमटली: 'कॅनॉट ओपन डिस्प्ले', म्हणजे पडदा उघडता येत नाही, आणि तिच्या शेवटी तो न सापडलेला पत्ता. उर्वशीनं पहिले शब्द वाचले आणि चौकट बंद केली. पुन्हा उघडली. पुन्हा तेच. प्रत्येक वेळी ओळीचं शेपूट न वाचताच ती चौकट बंद करत होती.

मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं आणि बोलता येत नव्हतं. मला जे सांगायचं ते त्या एका ओळीतच सांगता येतं. मी ती ओळ पुन्हा पुन्हा दाखवत राहिलो.

मग नेहमीचे उपचार सुरू झाले. मला बंद करून चालू केलं. तार काढून तिच्यात फुंकर मारली. शेजारच्या बाबूसिंग काकांनी आत येऊन माझ्या पाठीवर दोन चापट्या दिल्या आणि हे डबडं आता गेलं असा निकाल दिला. चूक दुसरीकडेच झाली होती, पण ती दिसत होती माझ्या तोंडावर, म्हणून मार मलाच. त्याचं मला फारसं वाटलं नाही. मला वाईट वाटलं ते उर्वशीचं. ती माझ्यावर चिडली नाही. तिनं हात गोधडीत घेतले आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, त्यायनं मले काढून टाकलं."

रुपालीताईंनी शिवण खाली ठेवलं. संघर्षला फोन कर म्हणाल्या, पण उर्वशी नको म्हणाली. ज्यांनी आपल्याला काढलं त्यांना काय विचारायचं? शेवटची चौकट तशीच उघडी टाकून ती भिंतीकडे वळून पडली. रुपालीताई तिच्या पायावरून हात फिरवत बसल्या. थोड्या वेळानं त्याच माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांचं इंग्रजी शिक्षण जेमतेम. एकेक अक्षर जोडत वाचतात. संघर्षला फोनवर नीट सांगता यावं म्हणून त्या ती ओळ पहिल्यापासून वाचू लागल्या, आणि सवयीप्रमाणे एकही अक्षर न सोडता शेवटपर्यंत गेल्या. तिथे त्या थांबल्या. पुन्हा बोट ठेवून वाचलं.

"उर्वशी, उठ बरं. इथं तुयं नाव काहून लिहेल हाये?"

उर्वशी उठली. तिनं ओळीच्या शेवटाकडे पाहिलं. जिथे गोपालचं नाव असायला हवं होतं, तिथे तिचं होतं. मग तिनं कळफलक जवळ ओढला. मशीनला त्याचं नाव विचारायचा एक साधा शब्द असतो. तो तिनं टाईप केला. तिची बोटं थंडीनं सुजली होती, दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा बरोबर गेलं, आणि मोठ्या मशीननं दोन छपरं ओलांडून उत्तर पाठवलं.

उर्वशी.

माझ्या पडद्यावर आजवर कितीतरी गोष्टी उमटल्या आहेत. कचेरीतले लांबच लांब तक्ते, साहेबांची पत्रं. एवढा छोटा शब्द दाखवताना मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

ती रडायला लागली, तेव्हा रुपालीताई घाबरल्या, त्यांना वाटलं पाय दुखून राहिले. मग सगळं कळल्यावर त्यांनीही पदर डोळ्यांना लावला आणि वर मलाच म्हणाल्या की तू तरी आधी सांगायचं नाही का. आता यावर मी काय बोलणार?

उर्वशीनं संघर्षला फोन लावला. डोळे पुसत, पण आवाज अगदी मास्तरीणबाईसारखा.

"दादा, मशीनचं नाव साऱ्यायले सांगतलं असन तुमी. मशीनलेच सांगाचं राह्यलं."

पलीकडून संघर्ष म्हणाला, "मले वाटलं तुले खुशी होईन. मी तं तुयंच दार बंद केलं, बाई."

तो काम टाकून विहारात धावला. त्यानं मशीनला त्या नावाची ओळख करून दिली. एका ओळीचं काम ते. उर्वशीनं पुन्हा हाक मारली, आणि चित्राची खिडकी माझ्या पडद्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत उघडली. मोठे कान, एका बाजूची वेणी, सगळी मंडळी होती तिथेच उभी. दुपार व्हायच्या आत तिनं चित्र पूर्ण केलं.

जयंतीच्या दिवशी गारठा होता, म्हणून ती घरीच राहिली. विहारातून लाऊडस्पीकरचा आवाज येत होता. तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा टाळ्यांचा आवाज छपरांवरून आला. आणि मग, मित्रांनो, तारेतून एक छोटी खिडकी आली आणि माझ्या पडद्यावर उघडली. तिच्यात लिहिलं होतं, ताई लवकर ये. तिच्या शेजारी दुसरी उघडली. मग तिसरी. विहारातली मुलं मोठ्या मशीनसमोर रांग लावून, एकेक करून तिला निरोप पाठवत होती. कोणी नुसतं आपलं नाव लिहिलं होतं, कोणी अक्षरं उलटी काढली होती. मला दम लागत होता, माझी घरघर वाढली, पण मी एकही खिडकी परत पाठवली नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना बोलायला फार शब्द नसतात. कधी एक ओळ असते, तीही तुमच्या घाईत बंद होते. आमच्यावरची धूळ पुसा, उन्हापावसात टाकू नका, आणि मारण्याआधी आम्ही काय म्हणतो ते शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसाचंही तसंच ऐका.

त्या संध्याकाळी रुपालीताई मला बंद करायला आल्या, तेव्हा उर्वशीनं त्यांचा हात धरला. सगळ्या खिडक्या उघड्याच होत्या, आणि तिला त्या अजून वाचायच्या होत्या.