चारही ओके

मैत्रीचे आजोबा महूला पलटणीत बंदुका दुरुस्त करायचे. उभा जन्म त्यातच गेला, आणि त्या खात्याचा एक कायदा त्यांनी घरात आणला तो कायमचा. आपण साफ केलेली बंदूक आपणच तपासायची नाही. दुसऱ्याने तपासायची. त्याने 'ओके' म्हटलं की पुढे शंका काढायची नाही. आता परदेशीपुऱ्यातल्या दोन खोल्यांत बंदुका कुठून येणार? पण कायदा टिकला. आई खिचडीत मीठ घालायची, चव बाबांनी बघायची. आई कुलूप लावायची, बाबांनी ओढून बघायचं.

या घरातल्या पोरीचा, मैत्रीचा, नाद मात्र जगावेगळा. दिवसा इंजिनियरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरी, आणि घरी आल्यावर टीव्हीला लावायचे जुने गेम कन्सोल उघडून त्यांचे बोर्ड कापत बसायचं. हो, कापत! ताटाएवढा बोर्ड असतो, त्यातला खरा कामाचा भाग तळहाताएवढा. बाकीचा बारीक चकतीने कापून टाकायचा, कडा पॉलिश पेपरने घासायच्या, गेलेल्या भागातलं जे हवं ते केसासारख्या तारेने परत जोडायचं, चार वेगवेगळे व्होल्टेज चार ठिकाणी पोचवायचे, आणि सगळं बॅटरी-स्क्रीनसकट हातात मावेल अशा डबीत बसवायचं. जमलं तर खिशातला खेळ, नाही जमलं तर भंगार. मधलं काही नाही.

या नादात तिला जोडीदार मिळाला समीर. पुण्याहून इथल्या एका आयटी ऑफिसात आलेला, तुकोगंजला भाड्याने राहणारा, शुद्ध बोलणारा. मैत्रीच्या हिंदी मिसळलेल्या मराठीची चेष्टा करायचा, पण तिच्या आईच्या हातची ज्वारीची भाकरी बोटं चाटत खायचा. कापाकापीत मैत्री उजवी, डब्यांच्या डिझाइनमध्ये समीर, पण बोर्ड दोघंही कापायचे. आजोबांचा कायदा दोघांनी जसाच्या तसा उचलला होता. एकाचा बोर्ड दुसऱ्याने मीटर लावून तपासायचा, चारही व्होल्टेजच्या जागा बघायच्या, कुठे शॉर्ट नाही ना ते पाहायचं, आणि 'चारही ओके' असा फोन आल्याशिवाय बॅटरी लावायची नाही. वर्षभर हे असंच चाललं. एकही बोर्ड मेला नाही.

मग बाबांचा कन्सोल निघाला.

मैत्रीचे बाबा, वाल्मिकबाबा, वीज खात्यातून रिटायर झाले आणि मासेमारीच्या एका गेमला जे चिकटले ते चिकटले. आयुष्यात कधी नदीवर गळ टाकला नाही, पण टीव्हीसमोर तासन् तास. पकडलेला प्रत्येक मासा त्या गेमच्या तळ्यात जिवंत राहायचा, आणि बाबांनी एकेकाला नाव दिलेलं. एका थुलथुलीत माशाचं नाव त्यांच्या जुन्या साहेबांचं होतं. अशी वर्षांची कमाई त्या एका बोर्डाच्या मेमरीत, आणि ती मेमरी दुसऱ्या बोर्डावर चालत नाही. आता बाबांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा तुकोगंजच्या दवाखान्यात डायलिसिसच्या खुर्चीत छताकडे बघत बसणं आलं. "बेटा, अपन इथेच मासे पकडले असते तर," असं एकदा सहज म्हणाले. झालं, मैत्रीच्या डोक्यात बसलं. बाबांचं तळं बाबांच्या हातात द्यायचं.

हा बोर्ड चुकला तर दुसरा नव्हता. पण कापला, आणि काय कापला! टाके घातले, स्वतः एकदा मीटर फिरवला, आणि मग तिच्या सवयीप्रमाणे सगळ्या टाक्यांवर, कडांवर पिंकीचं, म्हणजे धाकट्या बहिणीचं, बिनरंगाचं नेलपॉलिश लावलं. प्रवासात तांब्याचा कण आत जाऊ नये म्हणून. मीटरची सुई त्या पापुद्र्याला टोचूनच आत जाते, आणि टोचा मागे राहतोच. बोर्ड डबीत घालून तिने स्वतः समीरच्या हातात दिला.

"समीर, हा बाबांचा आहे. देख लेना यार, नीट."

"अगं, हे काय सांगायला पाहिजे?"

दुसऱ्या दिवशी बोर्ड परत आला आणि त्याच्याबरोबर शब्दही. "चारही ओके."

बाबा खुर्चीवर ताठ बसले होते, आई शेगडी बंद करून आली होती. मैत्रीने बॅटरी लावली. स्क्रीनवर काहीच आलं नाही. मग एक बारीकसा जळकट वास आला, आणि बोर्ड गेला. साहेबांसकट सगळे मासे गेले.

बाबांनी तो बोर्ड हातात घेऊन उलटासुलटा केला. "मासेच होते ना," म्हणाले, "गेले असतील पाण्यात." आणि तोंड वळवलं. पोरीने त्यांचं ते वळवलेलं तोंड पाहिलं.

तिने समीरला विचारलं. एकदा नाही, दोनदा विचारलं. "तू तपासलं होतंस ना?" तो म्हणाला, "हो गं, चारही. रीडिंग एकदम बरोबर होती. बॅटरी लावताना तुझा हात हलला असणार. होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस." पाठीवर हात फिरवला, बाबांसाठी सफरचंदं घेऊन आला. बाबा तर विरघळलेच. येईल त्याला सांगायचे, समीरजींसारखा मुलगा शोधून सापडायचा नाही, पोरीला किती समजावलं त्यांनी!

कृष्णपुऱ्यात धनेशचं रिपेअरिंगचं दुकान आहे. रविवारी सकाळी या नादाची पाच-सहा डोकी तिथे जमतात. तिथेही समीरने तेच सांगितलं, अगदी हळहळत. बिचारीचा हात हलला. पुढच्या रविवारी धनेशने आपला कापायचा बोर्ड मैत्रीला न देता समीरपुढे सरकवला, आणि तिच्याकडे बघायचं टाळलं. तिला वाटलं, बरोबरच आहे. ज्या हाताने बापाचं तळं आटवलं त्या हातात कोण आपला बोर्ड देईल? तिने चकती कपाटात टाकली. तपासायचं काम तेवढं ठेवलं, कारण तपासणाऱ्याला काही कापावं लागत नाही.

पण हात नेमका कुठे चुकला हे तरी कळायला हवं, एवढ्यासाठी तिने एका दुपारी मेलेला बोर्ड भिंगाखाली धरला. आणि चूक सापडली. दोन टाक्यांच्या मध्ये सोल्डरचा एक तंतू, पापणीच्या केसाएवढा. तिने मीटर फिरवल्यानंतर टाका नीटनेटका करायला म्हणून पुन्हा गरम केला होता, तेव्हाचा. शॉर्ट! चूक तिचीच, मान्य. कपाळावर हात मारून ती भिंग ठेवणार, तोच तिला दिसलं की त्या तंतूवरचं नेलपॉलिश अखंड आहे.

ती शेजारच्या जागेवर गेली. अखंड. तिसरी, चौथी. चारही जागांवर पापुद्रा काचेसारखा गुळगुळीत. एक टोचा नाही. आणि पुसून परत लावलं असेल म्हणावं, तर तिने लावताना ब्रशचा एक केस तिथे चिकटला होता, तो तसाच होता. मीटरची सुई त्या बोर्डाला लागलीच नव्हती हो! समीरने डबी उघडली तरी होती की नाही, देव जाणे. आणि तोंड वर करून 'रीडिंग एकदम बरोबर'!

तिच्या अंगाची लाही लाही झाली. न तपासणं एक वेळ माफ करता आलं असतं. ऑफिसचं काम निघालं, पाहुणे आले, कंटाळा आला, सांगितलं असतं तर ती दोन दिवस थांबली असती. पण हा माणूस तिच्या घरी बसून, तिच्या आईच्या हातचं खाऊन, तिच्या बापासमोर तिलाच धीर देत होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि वर सफरचंदं!

त्या आठवड्यात समीरचा स्वतःचा बोर्ड तपासायला तिच्याकडेच आलेला होता. बंगळूरला या नादाच्या लोकांचा मेळा होता, तिथे तो दाखवणार होता. रविवारी ती दोन्ही बोर्ड घेऊन दुकानात गेली. मेलेला बोर्ड धनेशच्या भिंगाखाली ठेवला.

"धनेशभिया, याला मीटर लागलाय का, जरा बघा."

धनेशने पाहिलं, खूप वेळ पाहिलं. "नाही लागला," म्हणाला, आणि समीरकडे बघितलं.

समीर आधी हसला. मग कान लाल झाले. "अगं, तुझ्यावर एवढा विश्वास होता माझा," तो म्हणाला. "तुझं काम कधी चुकतच नाही. म्हणून नाही तपासलं. खरंच."

"आणि नंतर? हात हलला म्हणून गावभर सांगितलंस, ते पण विश्वासापोटी?"

मैत्रीने दुसरी डबी काढून त्याच्यासमोर ठेवली.

"हा तुझा. काल अख्खी दुपार बसून तपासलाय. चारही ओके. आज लावून बघणार होतास ना, लाव."

समीरने बोर्ड उचलला. बॅटरीची पिन हातात घेतली, जोडणीजवळ नेली आणि थांबला. एकदा पिनेकडे, एकदा मैत्रीकडे. मग त्याने पिन खाली ठेवली, आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"खरंच तपासलायस ना?"

मैत्रीला आधी कळलंच नाही तो काय विचारतोय. कळलं तेव्हा तिला भर दुकानात रडू फुटलं. मासे गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तिने त्याच्या बोर्डाच्या चारही जागा दोन-दोनदा बघितल्या होत्या, राग गिळून, हात स्थिर ठेवून, कारण काम म्हणजे काम. खोटं 'ओके' देता येतं हा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता. आणि या माणसाला दुसरा विचारच सुचला नाही.

तो मीटर ओढून घेत होता. सुया हातात धरल्या आणि तसाच बसला. त्या चार जागांची रीडिंग किती यायला हवी हे त्याला आठवत नव्हतं. वर्षभर ती मैत्रीनेच लक्षात ठेवली होती, याने नुसतं 'ओके' म्हटलं होतं.

"मैत्री," तो खाली बघून म्हणाला, "पहिलीचं किती असतं गं?"

तिने डोळे पुसले, मेलेला बोर्ड पिशवीत टाकला आणि चपला घातल्या.

"विश्वास ठेव," ती म्हणाली, आणि दुकानाच्या पायऱ्या उतरली.