आडनावाचा रकाना

कपिल खरात तिसऱ्यांदा दारात दिसला, तेव्हा संयोगिताबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. या माणसाला पुन्हा एकदा नाही म्हणायचं त्राण आता त्यांच्यात उरलं नव्हतं.

मेढ्याच्या त्या जुन्या शाळेत त्या ग्रंथपाल होत्या. ग्रंथपालाला काम नसतं, हा सगळ्या शिक्षकवर्गाचा लाडका समज. त्यामुळे मतदारयाद्या म्हणू नका, स्नेहसंमेलनाचे हार म्हणू नका, सगळं फिरून त्यांच्याच गळ्यात पडायचं. तीन वर्षांपूर्वी जुनी दाखल-खारीज रजिस्टरं संगणकावर चढवायचं कामही तसंच पडलं. साताऱ्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, चहा-बिस्किटं झाली, आणि परत आल्यावर ऐंशी-नव्वद वर्षांत शाळेत आलेली पोरं बाईंनी एकटीने एकेक करून टाइप केली. प्रत्येक पानाचा फोटो काढून जोडला. त्यात मान गेली, मनगट गेलं. मूळ रजिस्टरं बासनात बांधून संस्थेच्या साताऱ्याच्या कार्यालयात रवाना झाली आणि मुख्याध्यापक धैर्यशील सरांनी बाईंच्या हातात एक नारळ ठेवला.

कपिल लोणंदच्या एका कारखान्यात कामाला होता. त्याच्या मुलीचा, अक्षताचा, नर्सिंगला नंबर लागला होता. पण जात पडताळणी समितीला पन्नास सालाच्या आधीचा पुरावा हवा होता, तोही या शुक्रवारच्या आत, नाहीतर जागा हातची जाणार होती. आज बुधवार. पुरावा असलाच तर एकाच ठिकाणी होता. कपिलचा आजा राजाराम याच शाळेत चार इयत्ता शिकला होता. घर छप्पन्न सालानंतर बौद्ध झालं, त्याआधीची जात लिहिलेला दुसरा कागद घरात कुणाकडेच नव्हता.

आणि संगणक म्हणत होता, नोंद आढळली नाही. तसं पत्रच बाईंनी मागच्या महिन्यात स्वतः लिहून, सही-शिक्क्यानिशी कपिलला दिलं होतं. बिचाऱ्याने ते समितीत नेऊनही दिलं.

"आवं बाई, अजून एकदा बघा की," कपिल म्हणाला. "दोन एस्ट्या बदलून आलोय. पाळी बुडवलीया."

"तेच दिसणार हो कपिल. किती वेळा बघायचं?" असं म्हणत बाईंनी संगणक सुरू केला. आडनाव लिहिल्याशिवाय शोधायचं बटण दबतच नसे. त्यांनी खरात लिहिलं, मग राजाराम. उत्तर तेच आलं.

कपिल खुर्चीमागून वाकून बघत होता. "खरात म्हणून कसं घावंल? आज्याला तवा आडनाव कुठं हुतं? ते ममईला गिरणीत लागल्यावर लावलं त्यानं. शाळंत नुसता राजाराम गुंडा."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी आडनाव इचारलं, मी सांगितलं."

बाईंना साताऱ्याचं प्रशिक्षण आठवलं. लाल खूण असलेला रकाना रिकामा ठेवला तर संगणक पुढचं नाव घेत नव्हता. जुन्या पानांवर तर कितीतरी पोरांच्या नावापुढे आडनावच नव्हतं. काय करायचं, असं विचारल्यावर शिकवणारा हसून म्हणाला होता, टिंब द्या आणि पुढे चला. दमलेल्या माणसाला याहून बरा सल्ला कोण देणार? बाई टिंब देत गेल्या आणि मग विसरूनही गेल्या.

आता त्यांनी आडनावाच्या रकान्यात टिंब दिलं आणि बटण दाबलं. तीनशे शहाऐंशी नावं खाली उतरली. ज्यांना गावाने आडनाव लावू दिलं नव्हतं, ती सगळी तिथे होती. राजाराम गुंडा, दाखल सन एकोणीसशे शेहेचाळीस. फोटो उघडला, तर जातीच्या रकान्यात हवा तो शब्द स्वच्छ अक्षरात होता.

कपिलने बाहेर व्हरांड्यात जाऊन फोन लावला. "अक्षे, आजा घावला गं," एवढंच बाईंना ऐकू आलं.

धैर्यशील सरांनी मात्र बाईंनी काढलेल्या नोंदीच्या उताऱ्यावर सही करायला पेन उचललं नाही. "मॅडम, समितीत आपलं आधीचं पत्र आहे. नोंद नाही म्हणून. खरं कुठलं, असं विचारतील ना?"

"पहिलं चुकीचं होतं, असं सोबत लिहून देते. चूक माझी."

"मार्चमध्ये निवृत्त होताय. पेन्शनच्या फाइलवर शेरा घेऊन जाणार? सॉफ्टवेअरचा दोष म्हणून लिहा, मिटवून टाकू."

"टिंब मी दिलं, सर. खोटं सांभाळायला अंगात जोर लागतो, तो आता नाही माझ्यात."

शेवटी सरांनी पेन उचललं आणि उतारा व बाईंचं पत्र, दोन्ही कागदांवर सही केली. कपिलने कागद दोनदा वाचले, प्लास्टिकच्या पिशवीत घातले. जाताना तो दारात थांबला. "बाई, अशी पत्रं अजून कुणाकुणाला दिलीसा?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

तो गेल्यावर त्यांनी जावक नोंदवही काढली. कपिलचं सोडून 'नोंद आढळत नाही' अशी सात पत्रं गेली होती. एकेक नाव त्यांनी टिंबाखाली शोधलं. सातपैकी पाच निघाली. लाजेने त्यांचे कान तापले. घरी जाऊन आडवं व्हावं असं फार वाटत होतं, तरी त्यांनी पहिला नंबर लावला. दोन वर्षांपूर्वी आलेल्या चंद्राबाईंचा. धाकट्या मुलीच्या कॉलेजसाठी त्या कितीतरी खेपा घालून गेल्या होत्या.

"चंद्राबाई, मेढ्याच्या शाळेतून बोलतेय. तुमच्या सासऱ्यांची नोंद सापडली. माझ्याच हातून चूक झाली होती. उतारा तयार ठेवते, घेऊन जा."

"घावली व्हय? बरं झालं बाई," चंद्राबाई म्हणाल्या. "पर पोरीनं तवाच नाद सोडला. आता शिरवळला कंपनीत प्याकिंगला जाती. लगीन बी झालं. कागुद ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच. हितं घरात कुठंतरी गहाळ व्हायचा."

बाई बरं म्हणाल्या. दुसरा नंबर लावायला त्यांना बराच वेळ लागला.