सीटखालचं लाल फडकं

कापडे गावात श्रीपतच्या आंबाबागेत सगळा गाव लोटला होता. गवत कापायचा त्याचा छोटा ट्रॅक्टर, गिअर नसलेला, नुसतं पेडल दाबलं की पळणारा, चढावर अडून बसला होता. इंजिन घुरघुरत होतं, पण चाकं ढिम्म. त्याच्यापुढे चांगू भगत घुमत होता.

"पाण्यातल्या आसरा देवी कोपल्या! बाईचा पाय लागला पेडलला! तिचीच करणी हाय ही!"

ती बाई म्हणजे बौद्धवाडीतली उज्वला. ट्रॅक्टर तीच चालवायची. ट्रॅक्टर पहिल्यांदा अडला तेव्हाही भगताने हाच आळ घेतला आणि श्रीपतने तिला कामावरून काढलं, नळावर बायकांनी तिची कळशी बाजूला सारली. तेव्हापासून पोरगी घराबाहेर पडली नव्हती. तिची थोरली बहीण आम्रपाली महाडच्या आयटीआयमध्ये यंत्रं शिकवायची. आज ती बळेच उज्वलाला सोबत घेऊन आली होती, आणि आली होती ती सूड घ्यायला. त्याची तिला मुळीच लाज वाटत नव्हती.

भगताचा खेळ ठरलेला होता. इंजिन बंद करायचं, कोंबडी ओवाळायची, तासभर मंत्र पुटपुटायचे. मग ट्रॅक्टर चालायचा, लोक हात जोडायचे आणि कोंबडी भगताच्या घरी शिजायची.

"आज मंत्र नकोत," आम्रपाली म्हणाली. "तासभर गप्प बसा."

"कोप होईल गो!"

"होऊ दे माझ्यावर. तुमचे ओठ मात्र हलता कामा नयेत."

"बस ना रे भगता," श्रीपत म्हणाला. "आमाला पन बघू दे."

इंजिन बंद करून सगळे आंब्याखाली टेकले. चहा झाला, तंबाखू झाली. भगताची चुळबुळ बघून आम्रपालीला मनापासून बरं वाटत होतं. तासाभराने तिने स्वतः पेडल दाबलं आणि ट्रॅक्टर मुकाट्याने चढ चढून गेला.

"मंत्राबिगर चालला?" कोणीतरी पुटपुटलं.

तिने ट्रॅक्टर खाली सपाट खळ्यावर आणला आणि पार थंड होऊ दिला. "तेल असंच बघायचं असतं. सपाटीवर, थंड झाल्यावर."

"तेल मी रोज बघतो. भरलेला हाय." श्रीपतने इंजिनची तेल मोजायची पट्टी उपसून दाखवली.

"हे इंजिनचं. चाकांना जोर देतं ते तेल वेगळं, त्याची पट्टीही वेगळी."

सीटखाली भगताने लाल फडकं बांधलं होतं. हात लावील तो रक्त ओकेल, असा त्याचा धाक होता. आम्रपालीने कोयतीने ते टराटरा फाडलं. खाली दुसरी पट्टी होती. तिने ती पुसली, आत घातली, बाहेर काढली. टोकालासुद्धा तेल नव्हतं.

"खालून गळतंय. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो, तापल्यावर तेलाचा फेस होतो आणि चाकांचा जोर जातो. तासभर थांबलं की फेस बसतो, थोडा जोर परत येतो. ही तुमची देवी!" ती भगताकडे वळली. "चांगू, तू महाडच्या गॅरेजात होतास ना? फडकं नेमकं पट्टीवरच कसं बांधलंस रे?"

चांगूने तिचे पाय धरले. माणसं त्याला मारायला धावली.

"खबरदार! मारलंत तर उद्या हाच बिचारा ठरेल. मला तो पोलादपूरच्या ठाण्यात उभा हवाय. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, सगळ्यांनी साक्ष द्यायची."

"ताई, सोड त्याला. झाला गेला," श्रीपत म्हणाला. "उज्वलानं उद्यापासून कामावर यावा."

आम्रपाली संतापून बोलणार, तोच उज्वला पुढे झाली.

"तो खोटं बोलला, पन माजी कळशी त्यानं नाय सारली, तुमी सारली. तेल बघायच्या आधी तुमी माजी वाडी बघितली. आता ठाण्यात चला. तिथं बोला, मी करणी केली नाय. मग कामाचा बघू."

खळ्यावर कोणाची मान वर होईना. मग ज्या बाईने पहिल्यांदा कळशी सारली होती, तिने पायात चपला सरकवल्या.