उपाशी वाफे

नवं खत नापास झालं आणि जयदेवची कायमची नोकरी हुकली. पण तूर्त असं काही झालंच नाही, असं धरून चालू. जयदेवच्या कामात सुरुवात अशीच करतात: गटागटांत फरक नाही असं आधी मानायचं, मग आकड्यांनी ते खोटं पाडायचं.

आकडे पाडायला तयार नव्हते.

"तिसऱ्यांदा तेच उत्तर," जयदेव म्हणाला. ब्रीझे वेर्दिएर गावात बलरामकाकांच्या ओसरीवर तो मांडीवर कागद घेऊन बसला होता. समोर टोमॅटोचे बारा वाफे. चारांना जुनं खत, चारांना नवं, चारांना काहीच नाही. कोणाला काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. तीन गटांच्या सरासऱ्यांतला फरक एकाच गटातल्या वाफ्यांच्या आपसातल्या फरकापुढे चांगला ठसठशीत दिसायला हवा होता. दिसला, तर पोर्ट लुईच्या शेतकी कचेरीत १९७२ पासून सात वर्षं हंगामी असलेल्या जयदेवला कायम करू, असं साहेब म्हणाले होते. सरासऱ्या मात्र सख्ख्या जुळ्या बहिणींसारख्या निघाल्या.

"खत न घालता हे चार वाफे एवढे पिकले कसे?"

"पा कोने," बलरामकाका म्हणाले. माहीत नाही. आणि आत ताट वाढणाऱ्या बायकोकडे बघावं लागू नये म्हणून आभाळाकडे बघत राहिले.

बसंतीकाकी जेवणाचं ताट घेऊन बाहेर आली. "कसे म्हंजे? मी शेण घातला."

"काकी, त्यांना काहीच द्यायचं नव्हतं. तोच तर प्रयोग."

"आठांना वाढायचा नि चारांना नुसता बघत बसवायचा? माझ्या दारात?"

"निदान चारांना सारखं तरी घातलंत?"

"सारखा कसा? कोपऱ्यातला पार पिवला पडलेला. तेला जास्ती."

म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची, तो गटाच्या आतला फरकही बिनकामाचा झाला. जयदेवने डोळे मिटले. "मला सांगितलं का नाहीत?"

"तू इचारलास कवा? येतोस, टोमॅटो तोलतोस, जातोस."

"मी बोललो तिला, सरकारी काम हाय," बलरामकाका म्हणाले. "तर त्या दिवशी माझ्या ताटात काय नाय."

"चिठ्ठी टाकली, तुमचा नाव निघाला," काकी म्हणाली.

जयदेवने हिशेब पुन्हा पाहिला. तसाच पाठवला, तर नवं खत फुकट बदनाम. खरं लिहिलं, तर हंगाम बाद, आणि त्याबरोबर तोही.

"लिव ना, माकडानं शेण घातला," काकांनी सुचवलं.

"माकड शेण घालत नाही, काका."

"सायेब पोर्ट लुईचा. तेला काय म्हायती?"

"आदी जेव," काकी म्हणाली. "मंग रड."

तो जेवला. मग कचेरीच्या इंग्रजीत त्याने लिहिलं, त्याचा अर्थ असा:

'चार वाफ्यांना शेणखत मिळाल्याने सदर निकाल ग्राह्य धरू नये. देखरेखीतील चूक माझी आहे. यापुढे कोणत्याही चाचणीत काहीच न मिळणारा गट ठेवू नये. आणि ठेवणे अपरिहार्यच असल्यास, आपण त्या गटात आहोत हे संबंधितांस निदान आगाऊ कळवावे, ही नम्र विनंती.'