एकाच हाताचं रॉकेट

सिंगापूरला, तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर रॉकेट आडवं निजलं होतं. पुठ्ठ्याची लांब नळी, पुढे निमुळतं टोक, मागे प्लायवुडचे दोन पंख. तिसरा पंख बाजूला ठेवून अनुया सकाळी जुरोंग ईस्टला ऑफिसला गेली होती. सून दमून येणार, म्हणून साधनाताईंनी दुपारी तो घासला, इपॉक्सीचा गोंद कालवला आणि ओळंबा धरावा तसा सरळ बसवला.

संध्याकाळी अनुया आली. खांद्यावरची पर्सही तिने उतरवली नाही.

"हा कुणी लावला?"

"मी. चहा टाकू?"

"आई..." ती खुर्चीत बसली. "अहो, सर्टिफिकेटचं रॉकेट ज्याचं त्यानेच बांधायचं असतं. ते वर गेलं, पॅराशूट उघडून न मोडता खाली आलं, की क्लबचा परीक्षक सही करतो. हे सगळं मी बांधलंय, असं मला त्याला सांगायचंय."

ती सही मिळाली तरच मोठ्या मोटरची रॉकेटं तिला उडवता येणार होती. सिंगापूरच्या एवढ्याशा आकाशात हे जमणारं नव्हतं. म्हणून शुक्रवारी पर्थचं विमान, शनिवारी तिथल्या माळावर उड्डाण. मोटरमध्ये जळणारं इंधन असतं, ती विमानातून नेता येत नाही, तिथेच घ्यायची. हुकलं की पुन्हा रजा, पुन्हा पुढचं वर्ष.

"एक पंख आईचा, त्यात काय?" यशोधन सोफ्यावरून म्हणाला. "कोण बघायला येतंय? कॅन लाह, चालतंय की!"

"तू गप रे," साधनाताई मुलावर खेकसल्या. पण त्यांचं मन गणपतीत जाऊन बसलं होतं. अनुयाने साच्यातून मोदक काढले होते, देखणे, एकसारखे. साधनाताईंनी ते पाहुण्यांना वाढले. नैवेद्याच्या ताटात मात्र स्वतः पाकळ्या काढलेलेच ठेवले. सुनेने ते पाहिलं होतं.

"साच्यातले मोदकही गोडच होते गं," त्या हळूच म्हणाल्या.

अनुयाने वर पाहिलं आणि तिला हसू फुटलं. "पण नैवेद्याला कुठे चालले?"

"नाही चालले. मग हा कसा चालेल? काप."

पंख निघेना. साधनाताईंचं काम पक्कं. शेवटी नळीचा खालचा तुकडाच नवा घ्यावा लागला, तिन्ही पंख नव्याने. ते लावायच्या संध्याकाळी साधनाताई टेबलापाशी हात मागे बांधून उभ्या राहिल्या. इपॉक्सी ओघळलं की बोट आपोआप पुढे जाई, त्या ते ओढणीत गुंडाळून घेत.

यशोधनने कात्री पुढे केली.

"हात लावू नकोस!" साधनाताई ओरडल्या.

"अगं, कात्रीला?"

"कात्री चालते हो, आई," अनुया म्हणाली.

"असू दे. त्याला सवय नको."

हाताला काम नाही, मग साधनाताईंच्या ओठांवर ओवी आली.

सून माझी जोडी
पंख लाकडाचे
बोल कौतुकाचे
किती बोलू

"छान आहे! कुणाची हो?"

"माझीच. दुसऱ्याचं चालत नाही ना इथे!"

शनिवारी यशोधनने माळावरून व्हिडिओ कॉल लावला. साधनाताईंनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. पिवळं गवत, वारा, लांबून आकडे मोजणारा आवाज. मग धुराची एक रेघ सरळ वर गेली आणि निळ्यात विरली.

"उघडलं का रे? पॅराशूट उघडलं का?"

"थांब ना आई!"

मग आभाळात नारिंगी फूल उमललं, झुलत झुलत कुंपणापलीकडे उतरलं. रॉकेट सापडलं तेव्हा एका पंखाचं टोक मातीत रुतलेलं होतं. साधनाताई फोनच्या आणखी जवळ सरकल्या. परीक्षकाने माती पुसली, तिन्ही पंख एकेक करून दाबून पाहिले. एकही हलला नाही. त्याने अनुयाला काहीतरी विचारलं.

"येस," अनुया म्हणाली. "ऑल ऑफ इट."

त्याने खिशातून पेन काढलं.

सही झाल्यावर अनुयाचा उन्हाने लाल झालेला चेहरा पडद्यावर आला. "आई, दिसलं का?"

"सगळं दिसलं. जेवलीस का?"

"अजून नाही. आणि ऐका ना, पुढच्या पायरीला लेखी परीक्षा असते."

"असू दे की," डोळे टिपत साधनाताई म्हणाल्या. "प्रश्न मी विचारीन. उत्तरं तुझी तू दे."